थंडीत चालणारं पिस्तूल

त्सुरुओका, ६ ऑक्टोबर

कात्सुमी,

पत्राची सुरुवात हवामानाने करावी असं आपल्याला शाळेत शिकवलं, आणि तू ती ओळ नेहमी गाळून वाचतोस हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो. दाराशी काकीच्या झाडाची नारिंगी फळं पिकलीत, तुरट आहेत, फुमी ती सोलून ओळीने वाळत घालते. झालं हवामान.

आता कामाचं. जानेवारीच्या खेळाला मी येतोय. आपल्या 'रानडुकरं' संघाला तीस वर्षं होणार आणि मी लेकीच्या घरी बसून कोबी चिरत राहणार, हे व्हायचं नाही. जावई हसतो. म्हणतो, बाबा, सहासष्टाव्या वर्षी रानात प्लास्टिकच्या छर्‍यांनी लढाई कसली खेळता? त्याला म्हटलं, तू गोल्फ खेळतोस तेव्हा मी काही विचारतो का?

मला गॅसवर चालणारं एक पिस्तूल घ्यायचंय. आपली मोठी, विजेवरची बंदूक ऐन वेळी बंद पडली तर कमरेला काहीतरी राखीव असावं. पण स्वस्तातलं सांग. बसड्रायव्हरच्या पेन्शनीत बसायला हवं, आणि फुमीला कळलं तरी नवराबायकोत दोन दिवसांपेक्षा जास्त अबोला नको. तुझ्या केशकर्तनालयात गिऱ्हाइकं कमी आणि बंदुकांची मासिकं जास्त, तेव्हा दुसऱ्या कुणाला विचारू?

फोन करू नकोस. हे घर डोंगराच्या कुशीत आहे, आवाज नीट पोचत नाही. पत्रच लिही.

इसाओ

•

तोगाने, १२ ऑक्टोबर

इसाओ,

तुझी फळं गाळून वाचली.

आम्ही कमरेला पिस्तूल लावलं की तू म्हणायचास, "आले सिनेमातले हिरो." आणि आता स्वतःलाच हौस आलीय. असू दे, म्हातारपणी माणसाला काय काय सुचतं. माझ्या एका गिऱ्हाइकाने सत्तरीत केस जांभळे करून घेतले.

नीट वाच, मी परत परत सांगणार नाही. गॅसच्या पिस्तुलांच्या दोन जाती. एकीत चाप ओढला की वरचा भाग, म्हणजे स्लाइड, खाडकन मागे जाऊन पुढे येते. हाताला धक्का बसतो, कानाला बरं वाटतं, माणूस खूश होतो. पण ही सगळी मजा गॅसच्या जिवावर, आणि थंडीत गॅसचा जीवच जातो. जानेवारीत एकदोन छर्रे सुटतात, मग स्लाइड मागेच अडकून बसते. तू तिच्याकडे बघत बसतोस, आणि समोरचा तुला मारून मोकळा होतो.

दुसऱ्या जातीत स्लाइड हलतच नाही. दिसायला गरीब बिचारं, पण थंडीत चालतं, गॅस कमी खातं आणि दहा हजार येनच्या आत मिळतं. राखीव म्हणून हेच घे, डोळे मिटून घे. खोड एकच, चाप जड असतो. लांबवर, दाबून ओढावा लागतो. पण चाळीस वर्षं बसचं चाक फिरवलेल्या माणसाला त्याचं काय?

जानेवारीत तू येतोयस हे मी दुकानात सगळ्यांना सांगितलं. ज्यांना तू माहीत नाहीस त्यांनाही सांगितलं.

कात्सुमी

•

त्सुरुओका, २५ ऑक्टोबर

कात्सुमी,

साकाताच्या दुकानात जाऊन तू सांगितलेलं पिस्तूल हातात घेऊन पाहिलं. चाप अर्ध्यापर्यंत आला आणि थांबला. पुन्हा ओढला, पुन्हा तिथेच. काउंटरवरचा मुलगा भला होता, म्हणाला, "आजोबा, दोन बोटांनी ओढून बघा." दोन बोटांनीही आला नाही. मग रंग आवडला नाही असं म्हणून मी ते परत ठेवलं. काळा रंग, त्यात न आवडण्यासारखं काय असणार!

उजवा खांदा आखडलाय. त्याचा जोर बोटांपर्यंत पोचत नाही.

आणि तुझ्याशी खोटं कशाला बोलू, 'राखीव' हा शब्द मी फुमीसाठी काढला होता, तोच तुलाही लिहिला. मोठी बंदूक मला आता उचलून धरवत नाही. माझ्याकडे हे एकच हत्यार असणार आहे. तेव्हा नीट विचार करून सांग. चाप हलका हवा, डाव्या हाताने चालायला हवं, वजन कमी हवं. फार मागतोय का मी?

हा खेळ मला खेळायचाच आहे. पुढच्या वर्षी ये, असं लिहू नकोस.

इसाओ

•

तोगाने, २ नोव्हेंबर

इसाओ,

खांदा आखडला म्हणून एवढं रडगाणं? माझाही आखडला होता. एका हाताने वस्तरा धरायचो आणि दुसऱ्या हाताने तो हात धरायचो. टॉवेलची दोन टोकं पाठीमागे धर आणि खालीवर ओढ, सकाळ-संध्याकाळ. सुरुवातीला देव आठवतो, मग सुटतो खांदा. कंटाळा करू नकोस, तू व्यायामाचा आळशी आहेस.

पिस्तुलाचं सांगतो. रिव्हॉल्व्हर बघ. अंगठ्याने घोडा मागे चढवला की चाप नुसत्या बोटाच्या स्पर्शाने सुटतो, आणि स्लाइडची भानगडच नाही. अंगठाही कुरकुरत असेल तर मग ती खाडखाड करणारी जात. तिचा चाप हलका. सुरुवातीला एकदा स्लाइड हाताने मागे ओढावी लागते, एवढंच. पण थंडीचं मी तुला सांगून ठेवलंय. घेतलंसच तर मॅगझिन, म्हणजे मुठीत सरकवायची ती छर्‍यांची आणि गॅसची डबी, शेकत ठेव. खिशात टाकायच्या गरम पुड्या मिळतात ना, त्या पिशवीत घाल आणि मॅगझिन त्यांच्यात ठेव. आपल्या संघातला एक जण असंच करायचा, आपण त्याला अंडी उबवणारा म्हणायचो.

परवा फोन केला होता. वहिनी म्हणाल्या, झोपलाय. दुपारी चारला? बस चालवताना तरी जागा असायचास ना?

कात्सुमी

•

त्सुरुओका, ३० नोव्हेंबर

कात्सुमी,

उत्तराला उशीर झाला. अक्षर वेडंवाकडं आहे, हसू नकोस. डाव्या हाताचा सराव चाललाय, लिहिण्याचाही त्यातच आला.

रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावरून अंगठा घसरतो. म्हणून शेवटी ती खाडखाड करणारी जातच घेतली, लहान आकाराची, तैवानची. पेन्शनीत बसली. फुमी अबोला धरेल असं वाटलं होतं. उलट पिस्तूल हातात घेऊन म्हणाली, "मला शिकवा."

आता गॅस तीच भरते. डबा मॅगझिनवर उलटा दाबून धरावा लागतो, तेवढा दाब माझ्याने येत नाही. पहिल्यांदा गॅस तिच्या बोटांवर उडाला तर म्हणाली, बर्फातला मासा धरल्यासारखं वाटतं. स्लाइडही तीच ओढते, कपाळाला आठ्या घालून, आणि पिस्तूल माझ्या डाव्या हातात देते. मी फक्त चाप ओढतो. तेवढं अजून माझं आहे.

मागच्या शेडमध्ये पातेल्याचं झाकण टांगलंय. शेगडी पेटवून बसलो की पिस्तूल झकास चालतं, झाकण टणटण वाजतं. जावई दोनदा बघून गेला. दुसऱ्यांदा हसला नाही. फुमीने तिच्या जुन्या ओबीच्या, म्हणजे किमोनोच्या पट्ट्याच्या, कापडाची गरम पुड्यांसाठी पिशवी शिवलीय. फुलाफुलांची आहे, तू बोलणार हे मला माहीत आहे.

हातही वर करून बघतो रोज. डावा कानाच्या वर जातो. कुणी मारलं तर सांगता यायला हवं ना.

टॉवेल ओढतोय.

इसाओ

•

तोगाने, १० डिसेंबर

इसाओ,

फुलांची पिशवी सगळ्यांना दाखवीन, काळजी करू नकोस.

खेळ एकोणीस जानेवारीला, नेहमीच्या रानात. माणसं कमी पडतात म्हणून पलीकडच्या गावच्या तरुण पोरांचा गट बोलावलाय. बाजू ठरवायला चिठ्ठ्या टाकू. पोरं वेगाने पळतात, पण खोटी नाहीत. लागलं की ज्याचं त्याने हात वर करायचा, हा तुझा नियम त्यांना पाठ करायला लावलाय. वहिनींनाही आण. जाळीबाहेरच्या टेबलापाशी बसतील, डुकराच्या मटणाचं सूप मी करणार आहे.

ये रे. कधीची वाट बघतोय.

कात्सुमी

•

तोगाने, २१ जानेवारी

इसाओ,

परवापासून मी कुणाशी धड बोललेलो नाही. काल एका गिऱ्हाइकाचा कल्ला वाकडा कापला. तेव्हा लिहूनच टाकतो.

चिठ्ठीत तू पलीकडच्या बाजूला गेलास. मला वाईट वाटलं, मग म्हटलं बरं झालं, समोरासमोर मजा येईल. तू पडलेल्या ओंडक्यामागे बसला होतास. मी तुला मारलं. खांद्यावर लागल्याचा टप्प आवाज मला स्वतःला ऐकू आला. तू हात वर केला नाहीस. मला वाटलं, जाड कोटावर कळलं नसेल. पुन्हा मारलं, हेल्मेटवर. ते तर बहिऱ्यालाही कळतं. तू तसाच बसून. मग त्या पोरांनीही मारलं, आणि त्यांच्यातला एक ओरडला, "झॉम्बी!" मेला तरी मरत नाही तो झॉम्बी. तुला, इसाओ! पंचाने भोंग्यावरून सांगितलं, ज्यांना लागलंय त्यांनी प्रामाणिकपणे बाहेर यावं. सगळं रान तुझ्याकडे बघत होतं.

आपल्या खेळात मारणारा मोजत नाही, पंच मोजत नाही. ज्याला लागलं त्याने हात वर करायचा, "लागलं" म्हणायचं आणि चालू लागायचं. दुसरा नियमच नाही. फळ्यावर तो तू लिहिलास, तुझ्या हाताने. डोक्यावर ओकचं फळ पडलं म्हणून हात वर करून बाहेर गेलेला माणूस तू. आम्ही महिनाभर हसलो होतो. पण मनातून मला त्या दिवशी तुझा अभिमान वाटला होता, ते कधी सांगितलं नाही, आज सांगतो.

आणि सकाळपासून काय चाललं होतं तुझं? तोंडाला मफलर, कुणाशी बोलणं नाही, सुपाच्या वाटीला हात नाही. आणि दुपारी न सांगता निघून गेलास. मी पोरांना म्हटलं, म्हाताऱ्याला ऐकायला कमी येतं. तुझ्यासाठी खोटं बोललो. एवढं जिंकायचं होतं का तुला?

कात्सुमी

•

त्सुरुओका, २ फेब्रुवारी

कात्सुमी भावजी,

हे पत्र फुमी लिहिते आहे, शब्द यांचे आहेत. ते बोलतात ते आता मलाच समजतं, लेकीलाही समजत नाही. म्हणून वेळ लागला. शेवटी माझं थोडं लिहीन.

"लागलं होतं. पहिल्यालाच लागलं होतं.

तुझा होता हेही कळलं. दुसरं कोण इतक्या डावीकडून येणार? मी 'लागलं' म्हणालो. मफलरमधून आवाज बाहेर आला नाही. मफलर नसता तरी आला नसता. हात वर करायला गेलो. घरी शेगडीजवळ तो कानाच्या वर जायचा. तिथे थंडीने खांद्यापर्यंतही गेला नाही. मग म्हटलं, उठून चालू लागावं, म्हणजे दिसेल. गुडघ्यावर बसलो होतो, तिथून उठता आलं नाही. तेव्हा बसून राहिलो. तू पुन्हा मारलंस, ते बरोबरच केलंस. मीही मारलं असतं.

पिस्तूल एकदाच सुटलं. मग स्लाइड मागे अडकून बसली, तू सांगितलं होतंस तशी. मी तिच्याकडे बघत बसलो.

खांदा आखडलेला नाही. मेंदूकडून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या नसा एकेक करून मरतात, असं डॉक्टर म्हणाले. औषध नाही. मे महिन्यात हात, सप्टेंबरात जीभ, आता पाय. तुला सांगितलं असतं तर तू खेळात मला सांभाळून घेतलं असतंस. मला सांभाळून घेतलेलं नको होतं. एकदा नेहमीसारखं खेळायचं होतं. ते पोरगं झॉम्बी म्हणालं, ते मात्र फार लागलं."

इथे ते रडले, भावजी. मी थांबले.

आता माझं. सूप त्यांना गिळता येत नाही, म्हणून वाटीला हात लावला नाही. तुमचा अपमान करायचा नव्हता. मी जाळीपाशी उभी होते. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. ते "लागलं" म्हणत होते, मला वाचता येत होतं. पण बघणाऱ्यांनी आत काही बोलायचं नाही, हा नियम सकाळी तुम्हीच मला समजावून सांगितला होता. यांना तो नियम फार प्रिय. मी तोंडावर हात धरून उभी राहिले. आता वाटतं, ओरडायला हवं होतं. ते म्हणतात, नाही, बरोबर केलंस.

आम्ही निघालो तेव्हा तुम्ही पुढच्या खेळात होतात. तुम्हाला कसं सांगू, म्हणून न सांगता निघालो.

फुमी

•

तोगाने, ७ फेब्रुवारी

इसाओ,

मी तुला टॉवेल ओढायला सांगत होतो. आळशी म्हणालो. आणि तू ओढलास.

पत्र घेऊन दुकानात बसलो होतो. गिऱ्हाईक आलं, त्याला म्हटलं आज बंद आहे. दिवे चालू होते, दार उघडं होतं. तो बघून निघून गेला. मी काय करू ते मला कळत नाही. टोकियोच्या मोठ्या इस्पितळात माझा भाचा आहे, त्याला विचारलं. तो बराच वेळ बोलला आणि शेवटी म्हणाला, मामा, काहीच नाही. मला त्याचा राग आला. त्याचा काय दोष? पण आला.

झॉम्बी म्हणालेल्या त्या पोराला जाऊन सांगितलं. वीस वर्षांचा आहे. खाली मान घालून उभा राहिला.

एक ऐक. मार्चमध्ये पुन्हा खेळ आहे, थंडी सरलेली असेल. तू ये. खुर्चीवर ये, पाठुंगळी ये, कसाही ये. मी तुझ्या मागे बसतो. पिस्तूल तुझ्या हातात, स्लाइड मी ओढीन. तुला लागलं की हात मी वर करीन, "लागलं" मी ओरडीन. नियमात हे कुठेच मना केलेलं नाही. मी फळ्यावर वाचून आलो.

कात्सुमी

•

त्सुरुओका, २४ फेब्रुवारी

कात्सुमी भावजी,

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. 'पाठुंगळी ये' यावर हसले. हसणं आता नुसतं डोळ्यांत दिसतं, पण हसले.

येणं होणार नाही. गेल्या आठवड्यात पोटात नळी बसवली, जेवण आता तिच्यातून. श्वासाचंही डॉक्टर पुढचं काही बोलत नाहीत. मी विचारत नाही.

सोबत पिस्तूल पाठवते आहे, पिशवीसकट. चाप ओढणं डिसेंबरनंतर जमलंच नव्हतं, मीच माझं बोट त्यांच्या बोटावर ठेवून ओढत असे. खेळाच्या दिवशी मात्र एकदा त्यांनी स्वतः ओढला. कसा ओढला ते त्यांनाही माहीत नाही. हे त्यांनी तुम्हाला सांगायला सांगितलं.

बाकी त्यांचे शब्द एवढेच: "मार्चमध्ये गॅस चालतो. वापर."

इकडे अजून बर्फ आहे. पत्राच्या सुरुवातीला लिहायचं राहिलं.

फुमी

•

तोगाने, २४ मार्च

इसाओ,

वहिनी हे तुला मोठ्याने वाचून दाखवतीलच, म्हणून नीट लिहितो.

हवामान: ऊन पडलं होतं, प्लमची फुलं गळून गेलीत, साकुराच्या बहराला अजून थोडे दिवस आहेत. रानात चिखल नव्हता. बघ, लिहिलं मी.

काल खेळ झाला. मी मोठी बंदूक गाडीतच ठेवली आणि तुझं पिस्तूल एकटं घेऊन आत गेलो. कमरेला फुलांची पिशवी. कुणी थट्टा केली नाही, करायला हवी होती. मी चिठ्ठी काढलीच नाही. जानेवारीत ज्या बाजूला तू होतास, त्याच बाजूला गेलो आणि तुझ्याच ओंडक्यामागे बसलो. तिथून काय दिसतं ते मला बघायचं होतं. काही दिसत नाही रे. समोर बांबू, आणि त्यांच्यामागून माणसं येतात.

पिस्तूल सुरेख चाललं. स्लाइड एकदाही अडकली नाही. तुझी निवड चांगली होती, फक्त महिना चुकला. मी चार छर्रे मारले, चारही बांबूवर. मग उजवीकडून ते पोरगं आलं, तेच. मला बघून क्षणभर थांबलं. मला वाटलं, हे मला सांभाळून घेणार, आणि मी मान हलवून नाही म्हटलं. मग त्याने मारलं. छातीवर, अगदी मधोमध.

मी ओरडलो, "लागलं!" असं ओरडलो की टेबलापाशी सूप ढवळणारी बाई वळून बघायला लागली. उजवा हात वर केला. मग पिस्तूल पिशवीत ठेवलं आणि डावाही वर केला.

पंच जवळून जात होता. म्हणाला, "आजोबा, एक हात पुरतो."

म्हटलं, "माहीत आहे. दुसरा माझा नाही."

त्याला काय कळलं कोण जाणे. त्याने टोपी काढली. जाळीपर्यंतची वाट चढाची आहे, तुला माहीतच आहे. खांदे भरून आले, पण दोन्ही हात बाहेर जाईपर्यंत खाली घेतले नाहीत.

कात्सुमी